वाजत राहणारा टाळ

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात अगदी शेवटच्या बाकावर बसलं, की पाठीला जाळी लागते. जाळीपलीकडे जनरल डबा. गेली अकरा वर्षं ही जाळी पाठीशी घेऊन मी फोर्टातल्या ऑफिसात जाते-येते. अंबरनाथ मागे पडलं, की पलीकडे कुणीतरी पखवाजावर थाप मारून बघतं, चार-सहा टाळ किणकिणतात, रामकृष्ण हरीचा गजर होतो आणि रूपाचा अभंग सुरू होतो. त्याच सुमाराला आमच्या बाजूला पिशव्यांतून मेथीच्या जुड्या, मटारच्या शेंगा, लसणीचे गड्डे बाहेर पडतात. पलीकडे लय चढली की अलीकडे शेंगा भराभर फुटू लागतात. हे कुणी ठरवलेलं नाही, पण होतं.

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. विठ्ठलवाडी स्टेशन येईपर्यंत मंडळींचा आवाज तापलेला असतो, घाटकोपरच्या आसपास गवळण होते आणि दादरच्या आधी भैरवी आटोपते, कारण दादरला अर्धं भजनी मंडळ उतरतं. सगळ्यांनाच हे आवडतं असं नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला डोळा लागू द्यायचा असतो, कुणाला फोनवर बोलायचं असतं. त्यावरून बाचाबाची होते, तक्रारीही जातात. त्या माणसांचंही चुकत नाही. पण माझं कुतूहल वेगळं होतं. रोज तीन तास रेटारेटीत काढणाऱ्या या माणसांना एवढा उत्साह येतो कुठून?

मागच्या पावसाळ्यात गाडी दिव्याच्या अलीकडे पाऊण तास उभी राहिली, तेव्हा जाळीतून विचारण्याची संधी मिळाली. पलीकडे टाळ घेतलेले एक काका होते, महापालिकेतल्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरलेले.

"काका, टाळ हातात घेतला की घरच्या कटकटी विसरायला होत असतील, नाही?"

"विसरायला कशा होतील ताई?" ते म्हणाले. "पिशवी कशी वर रॅकवर टाकतो, तशा त्याही वर टाकायच्या. भायखळा आलं की दोन्ही खाली घ्यायच्या. आपलंच सामान ते, टाकून थोडंच जायचंय?"

मला वाटलं होतं ते विठ्ठलाचं नाव घेतील. त्यांनी रॅकचं घेतलं.

*

चिंता करणाऱ्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात आणि तो फुकट देतात: सोडून दे. नवरा देतो, मैत्रीण देते, सकाळी फोनवर येणारा गुलाबाच्या फुलाचा फोटो देतो. गेल्या वर्षी मुलाची दहावी, घराचा हप्ता, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीला गेलेली चीर अशा चार चिंता आमच्याकडे एकदमच मुक्कामाला आल्या. यातली टाकीची चीर रात्री तीन वाजता सगळ्यात मोठी दिसायची. टाकी फुटली तर पाणी पहिलं आमच्याच घरात येणार, कारण आम्ही शेवटच्या मजल्यावर. दिवसा मला स्वतःचंच हसू यायचं. रात्री मात्र मी पंख्याच्या आवाजाआडून थेंबांचा कानोसा घेत पडून राहायची. "सोड ना आता," असं शेजारून झोपेतला आवाज म्हणायचा आणि घोरायला लागायचा.

सोडायचं कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आहे. वैद्यबुवांनी औषधाची पुडी दिली आणि पथ्य एकच सांगितलं, औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही. रोगी बरा झाला नाही, हे सांगायला नकोच. ही गोष्ट प्रयोगशाळेत घडली ती १९८७ साली. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सांगितलं, की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात आणू नका, आलाच तर समोरची घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर त्यांना अस्वलाचा हवा तेवढा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात ते अस्वल न दाबलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं.

कारण समजायला अवघड नाही. एखादा विचार आत येऊ नये म्हणून मन दारात राखण बसवतं. आणि राखणदाराला चोराचा चेहरा लक्षात ठेवावाच लागतो.

*

माझी आजी माणदेशातली. ती चिंता सोडत नसे, दळत असे. पहाटे चारच्या सुमाराला माजघरात जातं सुरू व्हायचं. एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं ज्वारीची मूठ जात्याच्या तोंडात, आणि ओठावर ओवी. माझ्या आठवणीत हे अगदी थोडं आहे, कारण मी चार-पाच वर्षांची असताना गावात गिरणी आली. पण आजी म्हातारपणी सांगायची ते पक्कं आठवतं: "माणसाला सांगितलं तर गावभर हुतं. जात्याला सांगितलं तर पीठ हुतं."

या जात्याला महाराष्ट्रातल्या बायांनी काय काय सांगितलं, याची नोंद सुदैवानं आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यात राहून, मावळ-मुळशीतल्या गरीब डोंगरी बायांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. पुढे राज्यभरातल्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. गी पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली गेल्या. आता 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून त्या ओव्या आवाजासह लोकांसमोर आणायला सुरुवात केली आहे.

हा संग्रह ऐकत बसलं की आपली एक समजूत गळून पडते. ओवी म्हणजे देवाधर्माचं गोडगोड गाणं, असं आपण पाठ्यपुस्तकात शिकलेलो असतो. इथे विठ्ठल आहे, सीता आहे, बाबासाहेबही आहेत. पण त्यांच्या बरोबरीनं नवऱ्याचा मार आहे, न आलेला भाऊ आहे, लेकीला दिल्या घरी काय सोसावं लागत असेल ही धास्ती आहे, दुष्काळ आहे, कर्ज आहे. दिवसभर तोंड बंद ठेवणारी बाई पहाटेच्या अंधारात घरंघर आवाजाच्या आडोशानं सगळं बोलून घेत होती. समोर दुसरी बाई बसलेली असली, तर एकीच्या ओवीला दुसरीची ओवी जोडली जाई. सासू, जाऊ, शेजारीण कुणीही असो, दोघींचा हात एकाच खुंट्याला असे.

जातं गेलं त्याचं मला दुःख नाही. रोज पहाटे दोन-दोन तास दळणं ही काही कविता नव्हती, ती सक्तमजुरी होती. गिरणीनं बायांचे हात सोडवले ते फार चांगलं झालं. पण हातांबरोबर ती वेळही गेली. दुःख बोलायची ठरलेली घटका, बोलताना डोळ्याला डोळा न भिडवता हात गुंतवायची सोय, आणि मध्येच न तोडता ऐकणारं कुणीतरी, या तिन्ही गोष्टी एका दगडात होत्या. पीठ आता पाच किलोच्या पिशवीतून येतं. बाकीचं कुठून आणायचं, ते कुणी सांगितलं नाही.

लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या बाया मला म्हणूनच जात्याच्या नाती वाटतात. "काल परत पिऊन आला होता," हे वाक्य पानं खुडताना बोलता येतं. हात रिकामे ठेवून, समोर बसून बोलायला सांगितलं तर ती बाई "काही नाही गं, चाललंय" एवढंच म्हणेल.

*

चिंतेला वेळ ठरवून द्यावी, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या वाटेनं शोधलं. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या टॉमस बोर्कोवेक यांनी सहकाऱ्यांसह १९८३ साली मांडलेली पद्धत अगदी साधी आहे. दिवसातला अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवायचा. जागा तीच, वेळ तीच. दिवसभरात चिंता आली की तिला ओळखायचं, 'तुझी वेळ साडेआठची' म्हणून परत पाठवायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. अर्ध्या तासात मात्र मनसोक्त चिंता करायची, काही उपाय सुचला तर बघायचा. तिला हाकलायचं नाही, नंबर लावून बसवायचं. काकांच्या रॅकचाच हा प्रकार.

मी तो करून पाहिला. वेळ रात्री साडेआठ, जागा गच्ची, टाकीशेजारी. सोबत मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं. पहिल्या आठवड्यात अर्धा तास पुरेना. दुसऱ्या आठवड्यात गंमत झाली. दुपारी ऑफिसात जी चिंता परत पाठवली होती, ती रात्री गच्चीत आठवेचना. वीस मिनिटांत यादी संपायची आणि उरलेली दहा मिनिटं मी वाऱ्याला बसायची.

टाकीपुढे मी लिहिलं होतं: 'सेक्रेटरींना विचारणे.' दोन महिने रात्री तीनला जागणाऱ्या बाईनं हे एकदाही केलेलं नव्हतं. विचारलं. माणूस आला, त्यानं हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. "वहिनी, चीर प्लास्टरला आहे. टाकी शाबूत आहे." माझ्या दोन महिन्यांच्या झोपेची किंमत सिमेंटचं एक घमेलं निघाली.

आईचा गुडघा मात्र रोज यादीत यायचाच. त्याच्यापुढे मी डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न लिहिले आणि पुढच्या खेपेला कागद समोर ठेवला. गुडघा तोच राहिला, पण काय होणार, किती दिवस लागणार हे कळलं. तेव्हा मला मराठी भाषेतली एक खुबी नव्यानं दिसली. आपण काळजी करतो आणि काळजी घेतोही. शब्द एकच, पण केली की ती माणसाला खाते आणि घेतली की माणसाच्या कामी येते. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारात हा फरक फार महत्त्वाचा आहे. ती पद्धत मराठीत रुजवणाऱ्या कि. मो. फडके यांनी अवास्तव चिंता आणि वाजवी काळजी यांतलं अंतर आयुष्यभर समजावून सांगितलं.

कागदावर उतरवण्याची ताकदही तपासली गेली आहे. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या गोष्टीबद्दल. जिव्हारीचं लिहिणाऱ्यांचा मूड लिहून उठताना उलट बिघडलेला होता. पण ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणजे मन मोकळं केल्यावर लगेच हलकं वाटलं पाहिजे, हाही हट्ट नको. आजीचं दळण संपलं तेव्हा तिचे दंड भरूनच यायचे. पीठ मात्र झालेलं असायचं.

*

मूड उंचावण्याचा एक उघड उघड मुंबईकर शोध आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीतल्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. आरंभी एकेकानं मध्ये येऊन विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि चावट, लागट विनोद सुरू झाले, तशी माणसं नाराज झाली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला. कारणाशिवाय हसायचं. पुढे ते जगभर गेलं.

कारणाशिवाय हसण्याबद्दल मला मनापासून शंका होती, म्हणून एका रविवारी आमच्या जवळच्या बागेत गेले. वीस-पंचवीस जण, बहुतेक निवृत्त. टाळ्या, 'हो हो, हा हा हा', मग खोटं खोटं भांडण, मग खोटं खोटं हसणं. पहिली पाच मिनिटं मला फक्त ओशाळं वाटलं. मग शेजारच्या आजोबांची कवळी हलली, ते थांबले, ती नीट बसवली आणि पुन्हा हसायला लागले. त्यावर जे हसू आलं ते खरं होतं. पलीकडच्या एक काकू हसता हसता रडायला लागल्या. कुणी थांबलं नाही, कुणी सांत्वनाला धावलं नाही. पुढे उभे असलेले गृहस्थ एवढंच म्हणाले, "चालू द्या, पोट हलतंय ना, बास."

नंतर चहाच्या टपरीवर त्या काकूंनी मला जे सांगितलं त्यात हसणं नव्हतंच. "हे गेल्यापासून घरात माझी वाट बघणारं कुणी नाही. इथे दोन दिवस नाही आले तर चार फोन येतात."

शरीराचा वाटा आहेच. इटलीतल्या पाविया इथल्या लुचानो बेर्नार्दी यांच्या गटानं २००१ साली २३ जणांवर केलेल्या प्रयोगात लॅटिन जपमाळ आणि योगमंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि या संथ लयीनं हृदय-रक्तदाबाच्या ठेक्यांना फायदा होतो, असं दिसलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली प्रौढांच्या शिकवणी वर्गांची तुलना केली. गाण्याच्या वर्गातली अनोळखी माणसं हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गातल्यांपेक्षा लवकर एकमेकांच्या जवळ आली होती. पण चार फोनांचं मोजमाप करणारं यंत्र अजून मला तरी दिसलेलं नाही.

*

इथे थांबून एक सांगितलं पाहिजे, नाहीतर हा लेखही गुलाबाच्या फोटोसारखा होईल. टाळ वाजवून कर्ज फिटत नाही. वहीत लिहून दारुडा नवरा सुधारत नाही, आणि ज्याची नोकरी गेली त्याला 'आनंदी राहा' म्हणणं हा क्रूरपणा आहे. आमच्या जाळीपलीकडच्या मंडळातल्या एकाची नोकरी गेली, तेव्हा मंडळानं त्याच्यासाठी अभंग म्हटले नाहीत. तिघांनी आपापल्या ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकला आणि लोकलचा पास काढून दिला. मुलाखतींना जायला पास लागतो, हे लोकलवाल्यांशिवाय कुणाला कळणार?

आणि काही वेळा हा मूड नसतो, आजार असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातली गोडी उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर बाग आणि भजन पुरत नाही, डॉक्टर लागतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी लावून ठेवावा, इतका तो घरगुती आहे.

*

यंदा आषाढात मी वारीचा एक टप्पा चालले, सासवड ते जेजुरी. दुपारच्या विसाव्याला रस्त्याकडेच्या बाभळीखाली बाया पाय पसरून बसल्या, डोईवरची तुळस आणि गाठोडी खाली उतरली. घटकाभरानं सगळं पुन्हा डोक्यावर गेलं. कुणी तक्रार केली नाही, कारण विसावा ठरलेला असतो आणि पुढचाही ठरलेला असतो.

संध्याकाळी जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला आणि तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहिल्या. हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते. मग चोपदारानं चांदीची काठी उंच धरून 'होऽऽ' अशी आरोळी दिली. क्षणात सगळा तळ चिडीचूप झाला. एवढ्या शांततेत कुठल्यातरी कोपऱ्यातून फक्त काही टाळ वाजतच राहिले.

मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसावं. शेजारच्या माउली म्हणाल्या, "त्यांची तक्रार हाय. ज्या दिंडीला काय म्हणायचं असंल ती टाळ थांबवत न्हाई."

चोपदार तिकडे चालत गेले. त्यांनी 'गप्प बसा' म्हटलं नाही, 'सोडून द्या'ही म्हटलं नाही. काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं, तिथल्या तिथे तोड सांगितली. टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली गेली आणि आरती झाली.

रात्री तीन वाजता माझ्या डोक्यात वाजायचा तो हाच टाळ होता. मी त्याला दोन महिने नुसतं थांब म्हणत होते.

दिवाळीत घरं माणसांनी भरतात. फराळाच्या गडबडीत, पणत्यांच्या रांगेत कुणाचा तरी टाळ वाजत असेल. दहावीतल्या मुलाचा असेल, नोकरी टिकेल का या विचारानं गप्प झालेल्या भावाचा असेल, एकट्या राहणाऱ्या आत्याचा असेल. त्यांना सल्ला देऊ नका. समोर लाडू वळायला बसवा, तुम्हीही वळा, आणि काय झालंय ते विचारा. मग मात्र मध्ये बोलू नका.